वलगावची बैठक आणि रुंद भिंग

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पेढी नदीच्या काठी वलगाव वसलेले आहे. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीच्या वाटेवर असता गाडगेबाबांनी येथेच देह ठेवला, आणि त्या स्थळाच्या दर्शनासाठी लोक अजूनही येथे येतात. याच गावच्या जुन्या वस्तीतील एका कुटुंबाने आपला जीर्ण वाडा उतरविण्याचे मुक्रर केले, तेव्हा तो पडण्यापूर्वी त्याच्या बैठकीची, माजघराची व सपरीची छायाचित्रे दस्तऐवज म्हणून काढून ठेवावीत अशी घरातील वडीलधाऱ्यांची इच्छा झाली, आणि ते काम माझ्याकडे आले.

बैठक 16 फूट लांब, 12 फूट रुंद. सागवानाचे चार खांब, त्यांवर तुळया, त्यांवर धाब्याची माती, आणि भिंतींत दिव्यांचे कोनाडे. अशा खोलीत, भिंतीला पाठ टेकवून उभे राहिले तरी, नेहमीच्या 50 मिलिमीटरच्या भिंगात फार तर दोन खांब मावतात, कारण त्याचा दर्शनकोन कर्णावर जेमतेम 47 अंशांचा असतो. 14 मिलिमीटरचे भिंग हाच कोन 114 अंशांपर्यंत नेते, आणि चारही खांब, दोन भिंती, छत व जमीन एकाच चौकटीत येतात.

अतिरुंद भिंग वस्तूंना विकृत करते, असा समज सार्वत्रिक आहे. तो मला या भिंगावर अन्याय करणारा वाटतो. उत्तम बांधणीचे भिंग सरळ रेषा सरळच ठेवते, आणि जवळचा खांब दूरच्या खांबापेक्षा किती पटींनी मोठा दिसावा हे यथार्थदर्शनाचे प्रमाण केवळ आपण कोठे उभे आहोत यावरून ठरते: त्याच जागेवरून 50 मिलिमीटरच्या भिंगाने चित्र घेतले, तर चौकटीत मावेल तेवढ्या भागातील वस्तूंचे परस्परप्रमाण तंतोतंत तेच निघते. रुंद भिंग आपल्याला वस्तूच्या अगदी निकट जाण्याची मुभा देते, आणि जो अतिरेक दिसतो तो त्या निकटपणाचा असतो. म्हणून या कामात हातांपेक्षा पायांना अधिक विचार करावा लागतो. दाराकडच्या खांबापासून वीतभर मागे सरकले, की तो खांब चौकटीवरची आपली सत्ता सोडतो आणि मागचे तिघे हळूहळू आपापल्या मानाला येतात. तेवढ्या एका वितीच्या शोधात सकाळचा बराच वेळ गेला, आणि तो सार्थकी लागला असेच मी समजतो.

दुसरी बाब पाणसळीची. कॅमेऱ्याचे तोंड छताकडे किंचित जरी कलले, तरी उभे खांब वर जाताना एकमेकांकडे झुकू लागतात, आणि भिंग जितके रुंद तितके हे झुकणे उघड दिसते. म्हणून तिवई खोलीच्या निम्म्या उंचीवर आणून, पाणसळीचा बुडबुडा मध्यावर स्थिर होईपर्यंत तिचे पाय थोडेथोडे सरकवावे लागतात. जुन्या वाड्याची शेणाने सारवलेली जमीन कोठेच सपाट नसते, हे तेथे प्रत्येक पायागणिक कळते. संगणकावर कललेले खांब मागाहून उभे करता येतात, परंतु त्या दुरुस्तीत चौकटीच्या कडा कापल्या जातात, आणि येथे कडेला कोनाडे होते.

इतके करूनही कडांचा प्रश्न उरतोच. डाव्या कडेला पितळेचा गुंड ठेवलेला होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो पाहून घरातला शाळकरी मुलगा म्हणाला, “काका, गुंड असा लंबा काहून झाला?” प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा होता. गोल वस्तूचे किरण सपाट पटलावर तिरपे पडले की तिची प्रतिमा केंद्रापासून बाहेरच्या दिशेने ताणली जाते. 14 मिलिमीटरच्या भिंगात आडव्या चौकटीच्या कडेशी हा तिरपेपणा 52 अंशांचा होतो, आणि तेथे गोल वस्तूची रुंदी तिच्या उंचीच्या दीडपटीहून अधिक भरते. त्याच तिरपेपणामुळे कडांचा प्रकाशही मंदावतो. बर्लिनच्या गोअर्त्स कंपनीने 1900 साली हायपरगॉन नावाचे अतिरुंद भिंग काढले, तेव्हा मधला जादा प्रकाश अडविण्यासाठी त्यांनी भिंगापुढे हवेच्या झोताने फिरणारी एक तारकाकृती चकती बसविली होती. ही युक्ती मला या विद्येच्या इतिहासातील अत्यंत सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते.

गुंड ताणला गेला तर त्याचे दुःख नाही; माणूस ताणला जाणे मात्र मला मान्य नाही. सबंध कुटुंबाचा फोटो बैठकीतच व्हावा असा आग्रह होता, परंतु अशा चित्रात वडील मंडळी मध्ये बसतात आणि कडेला उभ्या राहिलेल्या सुनांचे व लेकरांचे चेहरे त्या गुंडासारखे पसरतात आणि तसेच कायमचे नोंदले जातात. ते चित्र मी अंगणात, 50 मिलिमीटरच्या भिंगाने, पुरेसे मागे जाऊन घेतले. बैठकीत केवळ आजींना बसविले. “मले कायले मंधात बसवता बाप्पा?” असे म्हणत त्या भिंतीकडे सरकू लागल्या; पण “आजी, तुम्ही मधेच बसा, तिथंच चेहरा खरा येतो,” अशी विनवणी केल्यावर त्या थांबल्या.

बैठकीच्या त्या गुंडासह घेतलेल्या चित्राची 36 सेंटिमीटर रुंदीची प्रत घेऊन मी परत गेलो, तेव्हा त्या मुलाला एक डोळा मिटून, कागदाच्या बरोबर मध्यासमोर, 14 सेंटिमीटरवर दुसरा डोळा आणावयास सांगितले. प्रत पटलाच्या दसपट असल्यामुळे डोळ्यानेही भिंगाच्या दसपट अंतरावर राहावे, असा हा साधा हिशेब आहे. थोरांना इतक्या जवळचे स्पष्ट दिसत नाही, मुलांना दिसते. तो काही वेळ स्तब्ध राहिला आणि म्हणाला, “गोल झाला. अन् खोलीत उभं राह्यल्यावानी वाटते.”

त्या प्रतीच्या मागे मी पाहण्याचे अंतर लिहून ठेवले, आणि त्याखाली टेपने मोजलेली लांबी, रुंदी व खांबांमधील अंतरे फुटांत नोंदविली. कारण हातभर अंतरावरून पाहणाऱ्यास ती 12 फुटांची बैठक एखाद्या कचेरीच्या दिवाणखान्याएवढी भासते, आणि उद्या नातवंडांनी त्या मापाने आपल्या पूर्वजांची ऐपत ठरवू नये.