फोर्कलिफ्टची मागची बाजू

कापसाच्या हंगामात धुळ्यात देवपुरातून पांझरेचा पूल ओलांडून अवधान एमआयडीसीकडे निघणाऱ्या मोटारसायकलींवर हमाल बरेच दिसतात. रुईची दाबलेली गाठ साधारण १७० किलोची. पूर्वी ती माणसेच लोळवत. आता फोर्कलिफ्टचे क्लॅम्प तिला दोन्ही बाजूंनी आवळतात, उचलतात आणि थप्पीवर ठेवतात.

गोदामाच्या दारात उभे राहिले की नजर वर गेलेल्या गाठीवर खिळते. धोका मात्र मागे असतो. ही गाडी मागच्या चाकांवर वळते, त्यामुळे तोंड जवळपास जागच्या जागी फिरते आणि पाठ झपकन बाहेर येते. पुढचा माल तोलायला त्या पाठीतच बिडाचे वजन भरलेले असते. तीन टन उचलणारी गाडी स्वतः चार टनांहून जड. गाठींमुळे समोरचे दिसेनासे झाले की ड्रायव्हर रिव्हर्समध्ये चालवतो. गाडी आणि थप्पी यांच्यामध्ये कोणी सापडला, तर ओरडायलाही वेळ मिळत नाही.

माल उंच धरून वळले तर गाडी कलंडते. तेव्हा उडी मारणारा ड्रायव्हर तिच्याखालीच सापडतो. बेल्ट लावून, स्टिअरिंग घट्ट धरून बसून राहिलेला बहुधा वाचतो. पायी चालणाऱ्याला ना बेल्ट, ना छप्पर. पायात बहुतेकदा चप्पल.

अंगठ्याला पट्टी बांधलेल्या एका हमालदादांना विचारले, तर म्हणाले, ‘‘काही नई व्हयनं, भाऊ.’’ खाडा झाला की रोज बुडतो, म्हणून चाक पायावरून गेले तरी ते किरकोळच. मालकालाही तेच सोयीचे!

१९४८ च्या कारखाने कायद्याने कोल्ड स्टोरेजला कारखाना मानले होते, नुसत्या साठवणुकीच्या गोदामाला नाही. पण १९२३ च्या भरपाई कायद्याच्या यादीत गोदामातली मालाची हाताळणी होती. ईएसआयचा विमा असेल, तर कामावरच्या दुखापतीला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते; तीन दिवस किंवा अधिक काम बुडाले, तर मजुरीच्या सुमारे ९० टक्के भत्ता. त्यासाठी दुखापतीची नोंद लागते.

तुमच्या घरातला कोणी गोदामात जात असेल, तर जखम लहान असली तरी त्याच दिवशी अपघाताच्या वहीत लिहून घ्यायला सांगा.