पाचटाचा धूर आणि जमिनीचा कस

उसाची तोड संपली की शेतात पाचटाचा जाड थर उरतो. वाऱ्याचा रोख पाहून त्यास काडी लावावी आणि घटकाभरात रान मोकळे करावे, ही रीत ऊस पिकविणाऱ्या भागांत कित्येक वर्षे चालत आली आहे. या रीतीमागे केवळ आळस आहे असे समजणे न्याय्य नव्हे. पाचटाने सऱ्या बुजून पाणी पुढे सरकत नाही, आंतरमशागतीस अडचण पडते, उंदीर व साप यांस आसरा मिळतो आणि खोडव्याचे फुटवे दबतील अशी धास्ती वाटते. त्यातच मजूर वेळेवर मिळत नाहीत. तेव्हा आगपेटीची काडी हीच सर्वांत स्वस्त मजूर वाटते.

ती स्वस्त नाही. एक हेक्टर उसापासून सुमारे ८ ते १० टन पाचट मिळते व त्यात नत्राचे प्रमाण साधारणतः अर्धा टक्का असते. म्हणजेच हेक्टरी ४० ते ५० किलो नत्र होय. ४५ किलोच्या युरियाच्या दोन पोत्यांत इतके नत्र असते, आणि त्यातील बहुतेक भाग जाळल्याने हवेत निघून जातो. सेंद्रिय कर्बाचीही तीच गत होते. राखेत उरलेले थोडेफार पालाश वाऱ्यावर उडते, तर जमिनीच्या वरच्या थरातील उपयुक्त जिवाणू आचेने मरतात. बाजारातून पोती विकत आणावयाची आणि शेतातली पेटवून द्यावयाची, असा हा व्यवहार आहे.

आता धुराविषयी. तोडणीचा हंगाम हिवाळ्यात असतो. त्या दिवसांत रात्री जमिनीलगतची हवा थंड व जड होते, धूर वर न जाता गावावरच रेंगाळतो, आणि त्यातील अतिसूक्ष्म कण श्वासावाटे फुफ्फुसांत खोलवर शिरतात. दम्याचे रोगी, लहान मुले व वृद्ध यांस त्याची बाधा प्रथम होते. हवेच्या प्रदूषणास आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने १९८१ साली कायदा केला व जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम हाती घेतला. त्यात महाराष्ट्रातील पुणे, कोल्हापूर, सांगली व सोलापूर ही शहरेही आहेत. या शहरांच्या भोवती ऊसच आहे, आणि हवा काही महापालिकेच्या हद्दीवर थांबत नाही.

पंजाब-हरियाणातील भाताच्या काडाचा प्रश्न सर्वश्रुत आहे. तेथे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली काड जाळण्यास मनाई केली. २०१८ पासून काड न जाळता गहू पेरणाऱ्या यंत्रांसाठी अनुदान सुरू झाले. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये दंड दुप्पट होऊन दोन एकरांहून कमी जमीन असणाऱ्यास ५,००० रुपये, तर पाच एकरांहून अधिक असणाऱ्यास ३०,००० रुपये ठरला. तथापि भाताची कापणी व गव्हाची पेरणी यांमध्ये जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. ज्याच्या गावी यंत्र वेळेवर पोहोचत नाही, त्यास दंडाचा आकडा सांगून काय होणार? खोडवा राखणाऱ्या ऊस-शेतकऱ्यामागे पेरणीची अशी घाई नसते. त्याचे काम त्या मानाने पुष्कळ सोपे आहे.

तोड होताच बुडख्यांवरील पाचट ओढून सरीत पसरावे. बुडखे उघडे झाल्यावर फुटवे दबत नाहीत. मग धारदार कोयत्याने ते जमिनीलगत छाटून त्यांवर शिफारस केलेल्या बुरशीनाशकाची फवारणी करावी. सरीतील पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि शेणखतात मिसळलेले १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन टाकून पाणी द्यावे. पहिल्या पाण्यास वेळ अधिक लागतो, हे शेतकऱ्यास आधीच सांगून ठेवावे. नाहीतर दुसऱ्या दिवशी पाचट बांधावर येते व संध्याकाळी पेटते. पुढे पाचट दबून बसते, तणे कमी उगवतात आणि ओल टिकल्याने पाण्याच्या पाळ्यांत अंतर ठेवता येते.

खोडव्याची रासायनिक खते पाचटावर फेकू नयेत. पहारीने बुडख्याच्या बगलेस भोके घेऊन पहिला हप्ता १५ दिवसांच्या आत व दुसरा १३५ दिवसांनी द्यावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी संवर्धनाची मागणी तोड सुरू होण्यापूर्वीच नोंदवावी. टोळी रानाबाहेर पडल्यावर ते शोधीत फिरण्यात अर्थ नाही, कारण तोवर शेजारच्या रानात काडी पडलेली असते.