वेदनाशामक विद्युत्स्पंद आणि इलेक्ट्रोडची जागा

बार्शीटाकळीसारख्या कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या तालुक्यात निंदण-वेचणीसाठी तासन्‌तास वाकणाऱ्यांना कंबरदुखी नवी नाही. तिच्यावर फिजिओथेरपीत वापरले जाणारे 'टेन्स' यंत्र, म्हणजे त्वचेवरून मज्जातंतूंना सौम्य विद्युत्स्पंद देणारे साधन, चुकीच्या जागी लावले तर निरुपयोगी ठरते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार स्पर्शसंवेदना वाहणारे जाड तंतू उत्तेजित झाले, की मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना अटकाव होतो. म्हणून प्रवाह सोडणाऱ्या चिकटपट्ट्या, म्हणजेच इलेक्ट्रोड, दुखऱ्या भागाच्या दोन्ही बाजूंना किंवा तेथील मज्जातंतूच्या मार्गावर हव्यात. त्या फार जवळ असल्यास प्रवाह वरवरच राहतो आणि तेलकट त्वचेवर नीट पोहोचतच नाही.

खरी कसोटी लागते ती शरीरात बसवायच्या उपकरणांत. नॉर्मन शीली यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या मज्जारज्जू-उत्तेजनात बारीक तार क्ष-किरणांच्या साहाय्याने मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर सरकवतात. कंबर व पायाच्या दुखण्यासाठी तिचे टोक सहसा पाठीच्या आठव्या-नवव्या मणक्याजवळ, म्हणजे दुखऱ्या जागेपेक्षा बरेच वर असते, कारण तेथे पायांकडून आलेले तंतू मज्जारज्जूच्या मागील भागातून वर जात असतात. झिणझिण्या नेमक्या कुठे जाणवतात, हे पारंपरिक पद्धतीत जाग्या रुग्णालाच विचारले जाते. तार थोडी सरकली तरी गुण कमी होऊ शकतो.

घरगुती टेन्सच्या पट्ट्या गळ्याच्या पुढच्या बाजूला किंवा जखमेवर लावू नयेत, आणि पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांच्या संमतीशिवाय हे यंत्र वापरू नये.