निसरड्या दगडांची दहा वर्षं
गेल्या महिन्यात एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने जुनं कपाट रिकामं केलं. भंगारवाल्याला शेवाळाच्या काचपट्ट्या नको होत्या, म्हणून त्या कचऱ्यात गेल्या. जुन्या ओळखीच्या शिपायाने फोन केला, पण मी पोहोचेपर्यंत दोनच डबे उरले होते. एकावर माझं अक्षर : ‘मुठा, विठ्ठलवाडी, जाने. ८५’.

शेवाळावरून पाण्याची प्रकृती ओळखण्याची विद्या जुनीच. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी १९०८ साली घाण सोसणाऱ्या वनस्पतींची प्रतवारी लावली. १९६९ मध्ये अमेरिकेत पामरने वीस प्रजातींना गुण वाटले. बेरीज वीस किंवा वर गेली की पाण्यात मैला भरपूर. हे सगळं मी परीक्षेपुरतं घोकलं आणि विसरले. गोडी लागली ती ऐंशीच्या दशकात, प्रत्यक्ष नदीत उतरल्यावर.

तेव्हा वारं आमच्या बाजूचं होतं. १९८१ मध्ये गुणाले आणि बालकृष्णन यांनी पवना, मुळा, मुठा या पुण्याच्या नद्यांचं असं परीक्षण छापलं. १९८४ मध्ये सरोदे-कामतांचं महाराष्ट्रातल्या गोड्या पाण्यातल्या डायटमांवरचं पुस्तक आलं. त्याआधी कोल्हापूर-पन्हाळ्याचे डायटम हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधींनी १९५०च्या दशकातच नोंदवून ठेवले होते. मराठीत डायटमला, म्हणजे या एकपेशीय शेवाळाला, करंडक वनस्पती म्हणतात. ज्याने हा शब्द केला त्याला माझा नमस्कार : सिलिकेची दोन झाकणं, एकात एक बसणारी, अगदी कुंकवाचा करंडा!

पावसाळ्यातला लोंढा दगड खरवडून नेतो, म्हणून आम्ही थंडीत निघायचो. लुना, बादली, पांढरी ताटली, दात घासायचा ब्रश. पाण्यातला दगड उचलायचा, वरचा तपकिरी बुळबुळीत थर ताटलीत घासून उतरवायचा. धुणं धुणाऱ्या बायका हसायच्या : “शिकून-सवरून दगडच घासताय व्हय?” प्रयोगशाळेत तो गाळ आम्लात उकळायचा. तपकिरी वाफा निघायच्या, डोळे चुरचुरायचे. सेंद्रिय ते सगळं जळून जायचं आणि करंडे तेवढे नितळ उरायचे. मग एका पट्टीवर चारशे मोजायचे. खडकवासल्याजवळच्या पट्टीत नाना तऱ्हा दिसायच्या. शहर ओलांडल्यावर तऱ्हा घटायच्या, गर्दी वाढायची. निट्झ्शिया पेलियासारखे घाण मानवणारे चार-दोन कोडगे सगळी जागा अडवून बसायचे. मोजता मोजता मान आखडायची, पण नदी कुठे आजारी पडली ते बोट ठेवून दाखवता यायचं.

दशक सरता सरता मी ही आकडेमोड एका बैठकीत मांडली. समोरच्या साहेबांनी विचारलं, “बाई, बीओडी किती ते सांगा. शेवाळाला आमच्या तक्त्यात रकाना नाही.” बीओडी म्हणजे बाटलीतल्या पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचा आकडा. पण बाटलीतलं पाणी त्या घटकेपुरतं बोलतं; रात्री सोडलेलं रसायन सकाळी वाहून गेलेलं असतं. दगडावरचा थर मात्र जागचा हलत नाही, मागचे काही आठवडे त्याने सोसलेले असतात. हे मी सांगितलं. त्यांनी चहा मागवला. २००० साली युरोपने पाण्याच्या कायद्यात तळाचं शेवाळ तपासायची अट घातली, तेव्हा तो चहा मला पुन्हा कडू लागला.

नव्वदीत पोरं रेणू आणि जनुकांकडे वळली. नोकऱ्या तिकडे होत्या, त्यांना दोष कसा द्यायचा? प्रजाती ओळखणारी नजर तयार व्हायला पाच-सात वर्षं लागतात, ती मोडायला एक निवृत्ती पुरते. पुढच्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. पुण्यात या विषयावर थोडं काम अजून चालतं, ते करणारी तरुण मंडळी हुशार आहेत. पण चाळीस वर्षांपूर्वी मुठेच्या दगडावर काय होतं असं त्यांनी विचारलं, तर दाखवायला माझ्याकडे दोन डबे आहेत.

आता काठ सुधारतोय. मुळा-मुठेच्या संगमाखाली आमचे दगड होते तिथे उतार बांधलाय. परवा खाली उतरून पाहिलं. नव्या काँक्रीटला पाण्याच्या रेषेवर तपकिरी थर धरलाच होता, अंगठ्याला बुळबुळीत लागला. पिशवीतून ब्रश काढला, वाकले, तोच वरून शिट्टी.

“ओ आजी! इथं घासायला-धुवायला बंदी आहे.”