घर कोणी सोडावयाचे?

चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१ साली ती उठली. महसूल किती बुडाला आणि चोरटी दारू किती वाढली, यावर पुष्कळ वाद झाला. परंतु ज्या स्त्रियांनी बंदी मागितली होती त्यांचे गाऱ्हाणे महसुलाचे नव्हते. पिऊन घरी येणाऱ्या माणसाच्या भीतीचे होते. बंदी आली, बंदी गेली. त्या भीतीचे काय झाले?

ही भीती केवळ खेड्यापाड्यांतच वसते, असे समजून शहरवासीयांनी निश्चिंत राहू नये. सुशिक्षितांच्या घरी बाटली कपाटात असते आणि दारे बंद असतात, इतकाच काय तो फरक. ‘तो शुद्धीवर नव्हता, एरवी माणूस सज्जन आहे,’ हे समर्थन चाळीत ऐकू येते, तसेच प्रतिष्ठित वसाहतींतही. कायद्याला ते मान्य नाही. आपण होऊन नशा करणाऱ्याची ‘मी नशेत होतो’ एवढ्या सबबीवर सुटका जुन्या दंडसंहितेत होत नव्हती आणि २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही होत नाही. ही सबब चालते ती समाजात. तो मारणाऱ्याला क्षमा करतो आणि मार खाणारीला सांगतो, ‘चार दिवस माहेरी जाऊन ये.’

आमचा आक्षेप या सल्ल्याला आहे. घर तिनेच का सोडावे? कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याने याचे उत्तर केव्हाच दिले आहे. घर कोणाच्याही नावावर असो, नांदत्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे; इतकेच नव्हे, तर हिंसा करणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर राहण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. घर सासूसासऱ्यांच्या मालकीचे असले म्हणून हा हक्क आपोआप नाहीसा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले आहे.

मग अडते कोठे? अडते ते अंमलबजावणीपाशी. पीडितेची तक्रार नोंदविणे, तिची वैद्यकीय तपासणी करविणे, तिला निवारा मिळवून देणे, ही कामे कायद्याने संरक्षण अधिकाऱ्याकडे सोपविली. पण जिल्ह्याजिल्ह्यांत व तालुक्यातालुक्यांत असे अधिकारी नेमा, हे राज्यांना बजावण्याची पाळी २०२५ साली सर्वोच्च न्यायालयावर आली! दारूवरील कर वसूल करण्यासाठी राज्यात स्वतंत्र खाते आहे. त्या दारूने ज्यांचे संसार होरपळले त्यांच्या रक्षणासाठी मात्र वीस वर्षांनंतरही माणसे शोधावी लागावीत, हे लाजिरवाणे होय.

व्यसनी माणसाला टाकून द्यावे, असे आम्ही म्हणत नाही. व्यसन हा आजार आहे आणि त्यातून माणूस उठू शकतो, याची साक्ष पुण्याचे ‘मुक्तांगण’ १९८६ पासून देत आहे. तथापि आजार हे उपचाराचे कारण आहे, मारहाणीचे नव्हे. आणि तो बरा होईपर्यंत बायकामुलांनी मार खात वाट पाहावी, असा उपचार कोणत्याही वैद्यकात सांगितलेला नाही. म्हणून दारूच्या उत्पन्नातील निश्चित वाटा व्यसनमुक्ती केंद्रे, निवारागृहे आणि पूर्णवेळ संरक्षण अधिकारी यांसाठी राखून ठेवावा, अशी आमची सरकारकडे मागणी आहे.

वाचकांकडेही एक मागणे आहे. अशा हिंसेची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही देऊ शकतो, आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही, असे हाच कायदा सांगतो. शेजारच्या घरातील किंकाळी ऐकून आपण आजवर रेडिओचा आवाज वाढवीत आलो. यापुढे निदान दार तरी ठोठवावे.