जुन्या जपानी व्हिस्कीचा रास्त भाव कसा ओळखावा?



या वार्तापत्रात आम्ही एरवी बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या आणि उसाचा दर यांविषयी लिहितो. या खेपेचा विषय जरा लांबचा आहे, पण निमित्त घरचेच आहे. आपल्या भागातली काही मुले जपानात नोकरीला आहेत. ती सुट्टीवर येताना बाटली आणतात. कधी एखादा ओळखीचा दलाल "दुर्मिळ जपानी माल" म्हणून लाखाची बाटली पुढे करतो. "अहो, एवढे पैसे द्यायच्या लायकीची आहे का ही?" असे मग आम्हाला विचारले जाते. कारखान्याला डिस्टिलरी आहे, तेव्हा यांना कळत असणार, असा त्यामागचा हिशेब. म्हणून ही माहिती देत आहोत.

एक खुलासा आधीच करतो. मद्यपानाला उत्तेजन देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. महाराष्ट्रात असे मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो व वयाची २५ वर्षे पुरी असावी लागतात. घ्यायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. घेणारा नाडला जाऊ नये, एवढ्यासाठीच हे लिहिणे.

आपली मळी आणि त्यांचा सातू

आपण मळी आंबवतो, उंच स्तंभातून तिचे ऊर्ध्वपातन करतो आणि जवळजवळ चव-वास नसलेला शुद्ध मद्यार्क काढतो. आज आंबवलेल्या मळीचा माल चार-आठ दिवसांत टँकरमध्ये भरता येतो. भारतात व्हिस्की म्हणून खपणाऱ्या पुष्कळ मालात असाच मद्यार्क असतो. युरोपात मात्र मळीच्या मद्यार्काला व्हिस्की म्हणता येत नाही. तेथे धान्यच लागते आणि लाकडी पिंपात किमान तीन वर्षे मुरवावे लागते.

जपानी माल्ट व्हिस्की बार्लीची, म्हणजे आपल्या सातूची. सातूला मोड आणून, आंबवून, तांब्याच्या भांड्यात दोनदा ऊर्ध्वपातन करतात. निघणारा द्रव पाण्यासारखा स्वच्छ असतो. तो ओक लाकडाच्या पिंपात वर्षानुवर्षे ठेवतात. रंग आणि बराचसा स्वाद या लाकडाचा.

पिंप लाकडाचे, त्यामुळे माल दरसाल थोडा उडून जातो. स्कॉटलंडसारख्या थंड मुलखात ही घट वर्षाला सुमारे दोन टक्के धरतात. त्या दराने १०० लिटरचे १२ वर्षांनी ७८ लिटर, १८ वर्षांनी ७० आणि २५ वर्षांनी ६० लिटर उरतात. हवा उबदार असली की घट आणखी वाढते. जुन्या मालाच्या किमतीत उडालेला माल, अडकलेले भांडवल आणि गोदामाचा खर्च हे सारे आलेच. तेवढा भाव रास्त आहे. प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

तुटवडा आला कसा?

हे समजले की भावाचे कोडे सुटते, आणि ऊस पिकवणाऱ्याला ते चटकन समजेल. शिंजिरो तोरी यांनी १९२३ साली क्योतोजवळ यामाझाकी येथे जपानची पहिली माल्ट व्हिस्की डिस्टिलरी उभारायला घेतली. त्यांचीच पेढी पुढे सनटोरी झाली. स्कॉटलंडमध्ये शिकून आलेले मासाताका ताकेत्सुरू त्यांच्याकडे कामाला होते. १९३४ साली त्यांनी उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर योइची येथे स्वतःचा कारखाना काढला. पण व्हिस्की मुरेपर्यंत खायचे काय? म्हणून कंपनीने सफरचंदाचा रस विकायला घेतला. कंपनीच्या नावातही तेव्हा फळांचा रसच होता. पहिली व्हिस्की १९४० साली बाजारात आली. पुढे हीच कंपनी निक्का म्हणून प्रसिद्ध झाली.

जपानात व्हिस्कीचा खप १९८३ साली शिगेला पोचला आणि मग पंचवीसेक वर्षे घसरत गेला. मागणी नाही म्हटल्यावर कारखान्यांनी उत्पादन कमी केले. कारुइझावा आणि हान्यू येथील डिस्टिलऱ्या २००० साली थांबल्या. उसाला दर नाही म्हणून लागण कमी करावी आणि दोन वर्षांनी गाळपाला ऊस पुरू नये, तसलाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे चूक कळायला दोन नव्हे, अठरा वर्षे लागतात.

२००८च्या सुमारास सोडा घातलेल्या 'हायबॉल'ची जपानात पुन्हा चलती झाली. २०१४ साली ताकेत्सुरूंच्या जीवनावर बेतलेली 'मास्सान' ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. त्याच वर्षी एका प्रसिद्ध इंग्रजी व्हिस्की-मार्गदर्शिकेने यामाझाकीच्या एका मालाला जगात पहिला क्रमांक दिला. सगळे जग दुकानात धावले, आणि पिंपे तर मंदीच्या काळात भरलेली! निक्काने २०१५ साली योइचीचा वय लिहिलेला माल बंद केला. सनटोरीने २०१८ साली 'हाकुशू १२' आणि 'हिबिकी १७' यांची विक्री थांबवली. २०१८ साली १८ वर्षांची व्हिस्की विकायची तर ती २००० साली किंवा त्याआधी भरलेली हवी, आणि तेव्हा भरले होते थोडेच.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा तुटवडा खरा होता, पण कायमचा नव्हे. 'हाकुशू १२' २०२१ साली परत आली, 'योइची १०' २०२२ साली. मागणी वाढल्यावर भरलेली पिंपे आता एकेक करून वयात येत आहेत. "आज घेतली नाही तर जन्मात मिळणार नाही" असे विकणारा म्हणाला, तर ते बंद पडलेल्या डिस्टिलरीच्या मालाबद्दल खरे असू शकते. चालू डिस्टिलरीच्या १२ वर्षांच्या मालाबद्दल ते खरे नाही.

बाटलीवर काय वाचावे?

वयाचा आकडा म्हणजे बाटलीतल्या सर्वांत कोवळ्या मालाचे वय. '१८ वर्षे' असे लिहिले असेल तर त्यात २५ वर्षांचा थेंब असू शकतो, १७ वर्षांचा नाही. आकड्यापुढे 'वर्षे' हा शब्द किंवा त्याचे जपानी अक्षर हवे. नुसता आकडा म्हणजे मालाचे नाव असू शकते. दुसरे असे, की काचेत व्हिस्की मुरत नाही. बारा वर्षांची बाटली कपाटात दहा वर्षे ठेवली तरी ती बारा वर्षांचीच.

'जपानी' या शब्दाकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहावे. जपानच्या मद्यकर कायद्याप्रमाणे व्हिस्कीत ९० टक्क्यांपर्यंत इतर मद्यार्क चालतो, आणि तो मळीचाही असू शकतो. म्हणजे आपल्याच डिस्टिलरीच्या भाऊबंदाला किमोनो नेसवून बसवले, अशी गत! परदेशातून पिंपांनी आणलेला मालही तेथे बाटलीबंद होऊन जपानी नावाने खपत असे. म्हणून तेथील मद्य उत्पादकांच्या संघटनेने १ एप्रिल २०२१पासून नियम केला आणि जुना माल सुधारायला ३१ मार्च २०२४पर्यंत मुदत दिली. 'जपानी व्हिस्की' म्हणायचे तर मोडाचे धान्य हवे, पाणी जपानचे हवे, आंबवणे व ऊर्ध्वपातन जपानात व्हायला हवे. लाकडी पिंपात किमान तीन वर्षे जपानातच मुरलेली हवी, बाटलीतही तेथेच भरलेली हवी आणि मद्यार्क किमान ४० टक्के हवा.

हा नियम संघटनेच्या सभासदांपुरता आहे, सरकारी कायदा नव्हे. त्यामुळे बाहेरचा उत्पादक अजून पळवाट काढू शकतो. तांदळाची शोचू पिंपात मुरवून ती अमेरिकेत जपानी व्हिस्की म्हणून विकतात. खुद्द जपानात तिला व्हिस्की म्हणता येत नाही. सनटोरीने २०१९ साली आपल्याकडे आणलेली 'ओकस्मिथ' जपानी तज्ज्ञाने जुळवलेली आहे. पण तिच्यातला माल स्कॉच आणि बर्बन, म्हणून ती जपानी व्हिस्की नव्हे. अशी पेये वाईट असतात असे आमचे म्हणणे नाही. मात्र जुन्या जपानी मालाचा भाव त्यांना देऊ नये.

रास्त भावाचा हिशेब

पहिले पाऊल म्हणजे कंपनीने जाहीर केलेली किरकोळ किंमत पाहणे. सनटोरीने १ एप्रिल २०२४ रोजी ७०० मिलिलिटरच्या बाटलीचे भाव, १० टक्के उपभोग-कर वेगळा धरून, असे केले: 'यामाझाकी १२' १० हजार येनांवरून १५ हजार, 'यामाझाकी १८' ३२ हजारांवरून ५५ हजार, 'यामाझाकी २५' १ लाख ६० हजारांवरून ३ लाख ६० हजार. अलीकडे येनाला साधारण ५५ ते ६० पैसे पडतात. म्हणजे त्या भावाने १२ वर्षांची बाटली करासह ९ ते १० हजार रुपयांना पडते. हे भाव बदलतात, म्हणून खरेदीच्या दिवशीचा जाहीर भाव पाहावा.

आपली एफ.आर.पी. कायद्याने बांधलेली आहे. जपानी कंपनीची ही किंमत तशी नाही, ती नुसती सूचना आहे. दुकानदार दीडपट-दुप्पट लावू शकतो आणि लावतोही. तरी तुलनेला एक खुंटा मिळतो. मिळणाऱ्या मालाला जाहीर किमतीवर थोडे जास्त देणे समजू शकते. तिप्पट मागितले तर नमस्कार करून बाहेर पडावे.

बंद झालेल्या मालाला जाहीर किंमत नसते. तेथे लिलावांचे निकाल पाहावेत. ते उघड असतात. त्याच बाटलीचे शेवटचे पाच-सहा व्यवहार काढून मधला भाव धरावा. सर्वांत मोठा आकडा दलाल स्वतःच सांगतो. बोलीवर लिलावगृहाचा आकार, वाहतूक आणि कर चढतो, तोही मिळवावा.

लिलावात भाव कुठवर जातो याचे एक उदाहरण देतो. 'यामाझाकी ५५'च्या १०० बाटल्या सनटोरीने २०२० साली चिठ्ठ्या टाकून करासह ३३ लाख येनांना विकल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हाँगकाँगच्या लिलावात एक बाटली ६२ लाख हाँगकाँग डॉलरला गेली, म्हणजे सुमारे पंचवीस पट. आतला माल तोच होता. पहिल्या भावात वय होते, दुसऱ्यात वय आणि बोलबाला. वयाचे पैसे द्यावेत, बोलबाल्याचे शक्यतो देऊ नयेत.

मिळते कुठे?

जपानात असणाऱ्या मुलांसाठी चार वाटा आहेत. एक, बिक कॅमेरा, योदोबाशी यांसारखी मोठी इलेक्ट्रॉनिक दुकाने मद्यही विकतात आणि दुर्मिळ माल अधूनमधून चिठ्ठ्या टाकून जवळपास जाहीर भावाने देतात. नाव नोंदवत राहावे, नशीब लागते. दोन, लहान गावातले जुने मद्यदुकान. शहरातल्या पर्यटकांच्या बाजारपेठेपेक्षा तेथे भाव मवाळ असण्याचा संभव जास्त. तीन, खुद्द डिस्टिलरी. यामाझाकी, हाकुशू, योइची पाहायला आधी नोंदणी करावी लागते, आणि तेथे पैसे देऊन थोडा थोडा जुना माल चाखता येतो. चार, बार. २५ वर्षांची बाटली घेण्याऐवजी तिचा अर्धा पेग घ्यावा. चव कळते, लाख वाचतात आणि नकली मालाचा धोकाही पुष्कळ कमी.

परदेशी पाहुण्याला उपभोग-कर माफ असतो. ३१ ऑक्टोबर २०२६पर्यंत ही सूट दुकानातच मिळण्याची सोय आहे. १ नोव्हेंबर २०२६पासून आधी कर भरून देश सोडताना परत घ्यावा लागेल.

नकली माल

भाव चढला की भेसळ आलीच. काट्यावर उभे राहिलेल्यांना हे सांगायला नको. या व्हिस्क्यांच्या रिकाम्या बाटल्या आणि खोकीही पैशाने विकली जातात. नुसत्या शोभेसाठी कोण एवढे पैसे देईल? म्हणून बुचाचे वेष्टण अखंड आहे का, पातळी गळ्यापर्यंत आहे का, लेबल पुन्हा चिकटवल्यासारखे वाटते का, हे पाहावे. त्याहून महत्त्वाची दुकानाची पावती. पावती नसलेली, "मित्राने आणली" म्हणून आलेली बाटली जाहीर भावालाही घेऊ नये. आणि जाहीर भावापेक्षा फार स्वस्त देणारा परोपकारी नसतो.

आणताना

विमानात चढवलेल्या सामानातून २४ ते ७० टक्के मद्यार्काचे पेय माणशी ५ लिटरपर्यंत नेता येते. भारतात उतरताना सीमाशुल्काशिवाय २ लिटरच चालते. त्यावर शुल्क जबर पडते आणि स्वस्ताईचा सारा हिशेब तेथेच संपतो. कुरियरने मागवण्याच्या भानगडीत पडू नये. आणलेली बाटली परवान्याविना दुसऱ्याला विकणे हा गुन्हा आहे, मग ती कितीही जुनी असो.

शेवटी एवढेच. लाखाची बाटली कुणी दाखवली तर चार प्रश्न विचारावेत: वय लिहिले आहे का? माल नियमाप्रमाणे जपानी आहे का? आजचा जाहीर किंवा लिलावाचा मधला भाव काय? पावती कुठे आहे? चारही उत्तरे सरळ मिळाली तर पुढचा विचार. एकही अडखळले, तर पैसे खिशातच ठेवावेत. उसाच्या बिलाचे आहेत ते.