मातेच्या खात्यातील शिल्लक

जळगावचा दाणा बाजार असो वा धुळ्याचा आग्रा रोड, तेथील व्यापारी कुटुंबांत दिवाळीला चोपडीपूजन होते आणि वर्षभराचा मेळ तपासला जातो. घरातील सून गर्भवती असते, तेव्हा मात्र तिच्या शरीराचा जमा-खर्च क्वचितच पाहिला जातो. गर्भ आपल्या वाट्याचे लोह, कॅल्शियम व जीवनसत्त्वे मातेकडूनच उचलतो. आवक कमी पडली की मातेचे भांडवल खर्ची पडू लागते.

या प्रश्नाचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईतच लिहिला गेला. १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स या ब्रिटिश संशोधिका मुंबईत आल्या आणि गिरणी कामगार वर्गातील गर्भवती स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास करू लागल्या. केवळ लोहाने न हटणारा हा रोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फोलेट होय.

गर्भाच्या मेंदूची व मज्जारज्जूची नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. बहुधा तोवर मातेला दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. म्हणून फॉलिक अ‍ॅसिड गर्भधारणेपूर्वीच सुरू करणे हिताचे. चातुर्मासात पालेभाज्यांचा त्याग करणाऱ्या घरांत हे अधिकच ध्यानात ठेवावे. डाळी व कडधान्ये काही प्रमाणात ती उणीव भरून काढतात, परंतु पूर्णतः नाही.

शाकाहारी मातेची दुसरी उणीव बी-१२ या जीवनसत्त्वाची. वनस्पतिजन्य अन्नात ते जवळजवळ नसते; दूध-दह्यातून मिळते, पण मर्यादित. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा गावांत केलेल्या अभ्यासात ६० टक्क्यांहून अधिक गर्भवतींमध्ये बी-१२ कमी आढळले. ज्यांचे फोलेट भरपूर पण बी-१२ अपुरे होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. एक बाजू फुगवून दुसरी रिकामी ठेवल्यास मेळ बसत नाही, तसेच हे आहे. बी-१२ ची रक्तचाचणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी.

येथे श्राविकेच्या मनात रास्त शंका उद्भवते. गोळी अभक्ष्य तर नाही? बहुतेक कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. ड-३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून बनते. पण साध्या गोळ्या व वनस्पतिजन्य आवरणाच्या कॅप्सूलही मिळतात, आणि बी-१२ सूक्ष्मजीवांच्या किण्वनातून तयार होते. औषध नाकारण्यापेक्षा पर्याय विचारून घेणे हाच विवेक.

शासनाच्या धोरणानुसार चौथ्या महिन्यापासून रोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची एक गोळी १८० दिवस, तसेच प्रसूतीनंतरही १८० दिवस द्यावयाची असते. जोडीला ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा. लोह व कॅल्शियम एकत्र घेऊ नयेत. मध्ये किमान दोन तासांचे अंतर असावे. चौविहार पाळणाऱ्या घरातही हा क्रम सहज बसतो. नवकारशीनंतर न्याहारीसोबत कॅल्शियम, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी लिंबूपाण्याबरोबर लोह आणि सूर्यास्तापूर्वीच्या जेवणासोबत पुन्हा कॅल्शियम. जेवणानंतरचा चहा मात्र टाळावा. तो अन्नातील लोह शोषू देत नाही.

‘गोळ्यांनी उष्णता वाढते’, ‘बाळ मोठे होऊन प्रसूती अवघड जाते’ हे समज अजून घरोघरी ऐकू येतात. लोहाने शौच काळा होतो, बद्धकोष्ठता किंवा मळमळही होते. त्यासाठी गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगावे. उलट ‘जितके अधिक तितके बरे’ हेही खरे नाही. अ जीवनसत्त्वाचा अतिरेक गर्भाला अपाय करू शकतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गर्भवतींच्या रक्तात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली आढळले. दुकानात माल असूनही घरात रक्ताची तूट असू शकते, हे सधन कुटुंबांनी विसरू नये. जळगाव व धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत तपासणीची सोय आहे. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणीही होते.

पर्युषणात गर्भवतीने उपवासाचा आग्रह धरला, तर तिचे कौतुक करण्याआधी घरातील वडीलधाऱ्यांनी तिचे हिमोग्लोबिन विचारावे. तप पुढील वर्षीही करता येते. गर्भातील जीवाचे रक्षण हीदेखील अहिंसाच होय.